कोरलेलं धनुष्य मोडत नाही का?

दापोली तालुक्यात समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर आहे. तिथे पडवीत मी लाकडी धनुष्यं बनवते. रंधा चालू असला की रस्त्याने जाणारा माणूस आपोआप आत डोकावतो. आधी विचारतो, "हे खरंच चालतं, की शोभेचं?" मग खुंटीवरचं एखादं धनुष्य उतरवतो, मुठीवरची वेलबुट्टी बोटाने चाचपतो आणि दुसरा प्रश्न टाकतो, "एवढं कोरल्यावर मोडत नाही?" मी नेहमी अर्धंच उत्तर देते, कारण माझ्या हातात काम असतं आणि त्यांची गाडी बाहेर चालू असते. परवा एका काकूंनी मात्र खुर्ची ओढली. म्हणाल्या, "सांगा सगळं, मला घाई नाही." तर काकू, तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

मोडतं. माझं पहिलं तर मोडलंच.

पंधरा दिवस खपून मी त्याच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल कोरली होती. पानं, कळ्या, मधे मधे राघू. गणपतीला सगळे जमले तेव्हा कौतुक करून घ्यायला अंगणात आणलं. चुलत भावाने दोरी ओढली, हनुवटीपर्यंत आली असेल नसेल, आणि काडकन आवाज झाला. वरचा तुकडा उडून तुळशीवृंदावनापाशी पडला. कोणाला लागलं नाही ही त्या गणपतीचीच कृपा.

आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो तुकडा उचलला. त्यांचं आयुष्य होड्या बांधण्यात गेलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी मोडलेला भाग डोळ्यांजवळ धरला आणि नखाने एक जागा दाखवली. पानाच्या देठाशी पटाशी आडवी फिरवून मी जेमतेम दीड मिलिमीटर खोल खाच घेतली होती. तिथूनच एक सळ उचलली गेली होती आणि पुढे सगळं लाकूड उभं फाटलं होतं. आप्पा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पालखीच्या दांड्यावर कधी नक्षी बघितलीस गो?"

लहानपणापासून शिमग्यात पालखी नाचताना बघत आले होते, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. आमच्या गावच्या पालखीच्या पेटीवर बोट ठेवायला जागा नाही इतकं कोरलंय. दांडा मात्र सपाट, गुळगुळीत. नाचवताना तो वर-खाली लवतो ना! दोन्ही टोकांना तेवढी पितळेची वाघमुखं, तीही वरून बसवलेली.

धनुष्याला पाठ आणि पोट असतं. तुमच्याकडे असतं ते पोट, लक्ष्याकडे असते ती पाठ. तुम्ही वाकून पायाचे अंगठे धरलेत की पाठीची कातडी ताणली जाते आणि पोटाला घड्या पडतात. दोरी ओढल्यावर लाकडाचं नेमकं तेच होतं. पाठीवरचा धागा न् धागा ताणलेला असतो. तो एका ठिकाणी जरी कापलात, तरी ओढलेल्या कापडाला कात्रीने चीर दिल्यासारखं होतं. म्हणून पाठीचं लाकूड मी करवतीने कापतच नाही. पाचर मारून फोडते. फुटताना लाकूड स्वतःच आपल्या धाग्याची वाट दाखवतं.

दुसरी गोष्ट जाडीची. रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो. जाडी निम्मी केली तर तो आठवा हिस्सा उरतो. धनुष्याची भुजा म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग. सोळा मिलिमीटर जाड भुजेवर रुंदीभर दोन मिलिमीटर खोल नक्षी काढली, तर त्या जागचा जवळजवळ एक तृतीयांश ताठपणा गेला. मग ती भुजा सगळीकडे सारखी वाकत नाही, तिथेच बिजागरीसारखी दुमडते. आम्ही शेवटी शेवटी रंधा बाजूला ठेवतो आणि फुटक्या काचेच्या धारेने कागदासारखे पापुद्रे काढतो, ते यासाठीच. दोन-चार पापुद्रे काढायचे, दोरी चढवायची, हरणैच्या मासळीवाल्याकडून घेतलेल्या ताणकाट्याला अडकवून ओढायची, दोन्ही भुजांचा वाक लांबून बघायचा, परत काच घ्यायची. माझी बहुतेक धनुष्यं पस्तीस पौंडांची असतात, म्हणजे पूर्ण ओढल्यावर काटा सोळा किलोच्या आसपास यायला हवा. या कामात दोन दिवस जातात आणि बघणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही.

मग कोरायचं कुठे? मुठीवर. तिथे लाकूड चांगलं चाळीस मिलिमीटर जाड ठेवलेलं असतं, ते वाकत नाही. साडेपाच फुटांच्या धनुष्यात वीतभर जागा. त्यातही जिथे अंगठ्याचं बेचकं टेकतं तिथे काही नको, नाहीतर वीस बाणांत हाताची साल निघते. बाण जिथून घासत जातो तिथेही नको. मी एकदा तिथे धनेशाची चोच काढली होती. दिसायची फार सुरेख, पण जाणाऱ्या प्रत्येक बाणाचं पीस ती ओरबाडायची. आता धनेश खाली, करंगळीच्या पलीकडे बसतो.

टोकांबद्दलही सांगते. एका गिऱ्हाइकाला दोन्ही टोकांना मकरमुखं हवी होती. टोकं फारशी वाकत नाहीत, तेव्हा मोडण्याची भीती नाही असं म्हणून मी करून दिली. मोडलं नाही, पण बाण मलूल जायचा आणि सोडल्यावर मनगटाला दणका बसायचा. सगळ्यात जास्त अंतर, सगळ्यात वेगाने टोकच पळतं. तिथे वजन घातलं तर बाणाला मिळायची ताकद ते टोक पळवण्यातच खर्च होते. शेवटी मकर तासून टाकले. आता टोकांना करवंटीचा घोटलेला तुकडा चिकटवते. शिंगासारखा काळा दिसतो, वजनाला हलका, आणि दोरी त्यात रुतत नाही. सांबरशिंग लावा म्हणणारे भेटतात. गळून पडलेलं असलं तरी त्याचा व्यापार कायद्याने बंद आहे.

भुजांवर काही हवंच असेल तर रंग. सावंतवाडीच्या गंजिफांच्या पत्त्यांवर असतात तशी बारीक चित्रं काढते. रंगाला खोली नसते, लाकडाला त्याचा पत्ताही लागत नाही.

लाकूड धामणीचं. हे ऐकून पुण्या-मुंबईचे लोक दचकतात, त्यांना साप आठवतो. धामण नावाचं झाड आहे, लाकूड चिवट आणि लवचीक. संस्कृतात त्याला धनुर्वृक्षच म्हणतात, म्हणजे हा शोध माझा नाही. आमच्या मळ्याच्या बांधावरची धामण 3 जून 2020 ला निसर्ग वादळात आडवी झाली. त्या दुपारी आमच्या पट्ट्यात किती आंबे, माड, पोफळी गेल्या ते ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. धामणीच्या फळ्या मी टोकांना फेविकॉल फासून चुलीवरच्या माळ्यावर ठेवल्या आणि महिन्या-महिन्याने स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्यांचे तुकडे वजन करत राहिले. वजन घटायचं थांबलं की लाकूड वाळलं. दीड वर्ष लागलं, कारण मधला पावसाळा वाळलेलं परत ओलं करतो.

पावसाळा हाच इथला मोठा शत्रू. ओलं लाकूड वाकवलं तर मोडत नाही, पण सरळही होत नाही, वाकलेलंच राहतं आणि बाण मरगळतो. पोटाला शिंग आणि पाठीला स्नायू सरसाने चिकटवलेली जुनी धनुष्यं तर आमच्या आषाढात उकललीच असती. म्हणून जून ते सप्टेंबर मी वाक जुळवायला घेतच नाही. चार महिने फक्त मुठी कोरते. पागोळ्या गळत असतात, शिवणीचा नाहीतर फणसाचा ठोकळा मांडीवर असतो. दिवाळीनंतर मुठी भुजांवर चढतात.

त्या वादळात पडलेल्या पोफळीही वाया घालवल्या नाहीत. कौटिल्याने धनुष्याच्या साहित्यात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग सांगितलंय, दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायू वगैरे. ताड चालतो तर पोफळ का नाही, म्हणून करून बघितलं. पोफळीचा गाभा भुसभुशीत, पण बाहेरचं बोटभर लाकूड लोखंडासारखं. त्याची हलकी, मुलांची धनुष्यं होतात. कोरायला मात्र अजिबात नको. धागे सुयांसारखे उठतात, एक कुसळ माझ्या तळहातात आठवडाभर होतं.

उरलेले प्रश्न भराभर. शिकार करता का? नाही, वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि नसता तरी केली नसती. याला चाकं कुठे आहेत? टीव्हीवर साताऱ्याची तिरंदाज आदिती स्वामी हिच्या हातात बघितलंत ते कंपाउंड, म्हणजे चाकांचं धनुष्य, त्याची जातच वेगळी. सगळ्यात जास्त धनुष्यं कशाने मोडतात? तुमच्यामुळे! आत येता, उतरवता, दोरी ओढता आणि बाण न लावताच सोडता. बाणाबरोबर जायची ताकद मग लाकडातच परत येते. नक्षीने माझं एक मोडलं, रिकाम्या दोरीने तीन.

आणि काकू, तुम्ही म्हणालात ना, दिवाणखान्यात लावायला पूर्ण कोरलेलं मिळेल का? मिळतं. गेल्या वर्षी एका घरासाठी केलंय. पाठ, पोट, टोकं, कुठे जागा सोडली नाही, राघूसुद्धा आले. फक्त दोरीच्या खाचा कापल्या नाहीत. सहा महिन्यांनी त्यांच्या मुलाचा फोन आला, "मावशी, याला दोरी कुठे अडकवायची?"

मी म्हटलं, "बाबांना विचार, मे महिन्यात इकडे येशील का."