अठरा टक्के आणि शिडी

माझा धाकटा भाऊ मार्च २०२३ पर्यंत कूलर बसवण्याचे काम करीत असे. नागपूरच्या उन्हाळ्यात या कामाला किती मागणी असते, हे इथल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. होळी झाली की लोक माळ्यावरचे कूलर खाली काढतात, ताट्या (कूलरच्या बाजूंना लावायची गवताची पाने) बदलतात, आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर तो कूलर चढवून देणाऱ्या माणसाची वाट पाहतात. ते काम शिडीवर उभे राहून, एका हाताने खिडकीची चौकट धरून करावे लागते. मार्चच्या अखेरीस, हंगाम नुकताच भरात येत असताना, रिंग रोडवर मानेवाडा चौकाजवळ वळण घेणाऱ्या एका कारने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली. उजव्या पायाची नळी घोट्याजवळ मोडली आणि मोड थेट सांध्यात गेली. आजूबाजूच्या लोकांनी त्याला मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ट्रॉमा सेंटरमध्ये पोहोचवले, पुढे एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन पायात प्लेट आणि स्क्रू बसले. हाड जुळले, परंतु घोटा पूर्वीसारखा वाकत नाही.

गेली दोन वर्षे मी त्याच्यासोबत सिव्हिल लाइन्समधील न्यायालयात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढच्या तारखांना जाते. मी शिक्षिका आहे, कायद्याची पदवीधर नाही. तरीही या काळात एक गोष्ट मला पुरती कळली आहे आणि ती अपघातग्रस्तांच्या घरच्यांना पहिल्याच महिन्यात कळायला हवी, असे मला मनापासून वाटते. भरपाई शरीराच्या अपंगत्वाच्या टक्केवारीवर ठरत नाही, त्या शरीराने जे काम व्हायचे ते किती हुकले यावर ठरते, आणि ते हुकलेले काम न्यायाधिकरणाला दाखवून देण्याची जबाबदारी आपलीच असते.

वैद्यकीय मंडळाने दिलेल्या प्रमाणपत्रात उजव्या पायाचे कायमचे अपंगत्व अठरा टक्के असे लिहिले आहे. त्या कारच्या विमा कंपनीने त्यावर केलेला हिशेब असा होता की, अठरा टक्के हे केवळ एका पायाचे असल्यामुळे संपूर्ण शरीराचे नऊ टक्केच धरावेत; उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून महिना ८,००० रुपये धरावेत; आणि अपघाताच्या वेळी वय ३४ असल्यामुळे १६ चा गुणक लावावा. वर्षाचे ९६,००० रुपये, त्याचे नऊ टक्के म्हणजे ८,६४०, आणि त्याला १६ ने गुणले की १,३८,२४० रुपये. एका कारागिराच्या उरलेल्या सगळ्या कमावत्या वर्षांची ही रक्कम होती. तो कागद वाचून भाऊ काही बोलला नाही, आणि त्याचे ते गप्प राहणे मला आजही विसरता येत नाही.

यातला गुणक तेवढा बरोबर होता. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा प्रकरणात वयानुसार गुणकांचा तक्ता घालून दिला असून ३१ ते ३५ वयोगटासाठी तो १६ आहे. परंतु २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार स्वयंरोजगार करणारी व्यक्ती चाळिशीच्या आतली असेल, तर तिच्या उत्पन्नात भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवावे लागतात, आणि कायमचे अपंगत्व आलेल्या जखमींनाही ही वाढ द्यावी लागते, हे त्याच न्यायालयाने २०२० साली पप्पू देव यादव प्रकरणात स्पष्ट केले आहे. कंपनीच्या हिशेबात ही वाढ नव्हती. त्याहून मोठी चूक टक्केवारीत होती. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात न्यायालयाने डावा हात गमावलेल्या माणसाचे उदाहरण घेतले आहे: तो चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ संपूर्ण बुडू शकते, आणि तोच सरकारी कार्यालयात लिपिक असेल तर त्याची नोकरी कदाचित टिकूनही राहील. जखम सारखीच असली तरी नुकसान सारखे नसते. म्हणून वैद्यकीय टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेतील घट या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात.

आमच्यापुढे सर्वांत अवघड प्रश्न उत्पन्नाचा होता. भाऊ पगारदार नाही, प्राप्तिकराचे विवरणपत्र त्याने कधी भरलेले नव्हते, आणि बहुतेक ग्राहक रोख पैसे देत. आम्ही त्याच्या दोन वर्षांच्या डायऱ्या शोधून काढल्या, ज्यात तो ग्राहकाचे आडनाव, मोहल्ला आणि घेतलेली मजुरी लिहीत असे. ज्या दुकानातून तो पंप, मोटारी आणि ताट्या उधारीवर घेई, त्या दुकानदाराने आपली खातेवही घेऊन साक्ष दिली, आणि त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. मोबाईलवरून आलेल्या पैशांच्या नोंदी बँकेच्या उताऱ्यातून काढल्या. या सगळ्यावरून असे दिसले की, मार्च ते जून या चार महिन्यांत तो महिन्याला ३०,००० रुपयांच्या आसपास कमावत असे, आणि उरलेले आठ महिने गिझर, वॉशिंग मशीन यांच्या दुरुस्तीवर साधारण ७,५०० रुपये. वर्षाचे १,८०,००० रुपये, म्हणजे महिन्याची सरासरी १५,०००.

मात्र ही सरासरी सगळीकडे लावली तर अन्याय होतो, हे आमच्या वकिलांनी लक्षात आणून दिले. एप्रिल, मे आणि जून हे तीन महिने भाऊ अंथरुणावर होता. कंपनीने त्या काळातील बुडालेल्या उत्पन्नाचे २४,००० रुपये धरले होते. सरासरीने धरले असते तरी ४५,००० झाले असते. पण प्रत्यक्षात बुडाले होते ते वर्षातले सर्वांत भरगच्च तीन महिने, म्हणजे ९०,००० रुपये. ज्यांचे काम हंगामी आहे, मग ते शेतमजूर असोत, मंडपवाले असोत किंवा संत्र्याच्या तोडणीवर जाणारे असोत, त्यांनी अपघाताचा महिना कोणता होता हे दाव्यात ठळकपणे मांडलेच पाहिजे.

भावाच्या मोटारसायकलला हत्यारांची पिशवी आणि एक पंप बांधलेला होता, म्हणून अपघातात त्याचीही हयगय होती, असा कंपनीचा आणखी एक मुद्दा होता. येथे घटनास्थळाचा पंचनामा कामी आला, कारण त्यातील नकाशात कारने आपली बाजू सोडून वळण घेतल्याचे स्पष्ट दिसत होते. दुसऱ्या एका प्रकरणात, दुचाकीवर तिघे बसले होते एवढ्यावरूनच त्यांची हयगय सिद्ध होत नाही, त्या चुकीचा अपघाताशी किंवा त्याच्या परिणामाशी संबंध दाखवावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. तेच तत्त्व आमच्या वकिलांनी पंपालाही लावले. पंचनाम्याची आणि प्राथमिक माहिती अहवालाची प्रत आठवडाभरातच मिळवून वाचावी, असे मी सर्वांना सांगते. दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात पुन्हा आली आहे, तेव्हा पाय बरा होईपर्यंत थांबू नये. आमचा दावा ऑगस्टमध्येच दाखल झाला होता.

शस्त्रक्रियेच्या खर्चापैकी काही भाग माझ्या भावजयीच्या नोकरीतून मिळालेल्या आरोग्य विम्याने भरला होता, आणि तेवढी रक्कम वजा करावी अशी कंपनीची मागणी होती. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने आरोग्य विम्यातून मिळालेली रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाही, असा निर्णय दिल्यामुळे तो वाद आमच्यापुरता मिटला.

मधल्या काळात लोक अदालतीत साडेचार लाखांची तडजोड समोर आली. नातेवाइकांपैकी बहुतेकांनी ‘मिळतंय ते घ्या, कोर्टात आयुष्य जाईल’ असाच सल्ला दिला, आणि त्यांची काळजी खोटी नव्हती. घरात त्या वेळी पैशांची ओढाताण होती. परंतु लोक अदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. आणि आमच्या हिशेबाने, भविष्यातील वाढ धरून वर्षाचे २,५२,००० रुपये आणि कमाईत ४० टक्के घट मानली, तर केवळ या एका शीर्षाखाली १६,१२,८०० रुपये होत होते. वेदना, प्लेट काढण्याची पुढची शस्त्रक्रिया आणि बुडालेला हंगाम यांचा हिशेब त्याशिवाय निराळा होता. भावाने नकार दिला. तो निर्णय त्याचा एकट्याचा होता आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

डॉक्टरांची साक्ष गेल्या महिन्यात झाली. कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारले की अर्जदार चालू शकतो का, बसू शकतो का, दुचाकी चालवू शकतो का. आणि डॉक्टरांनी तिन्हींना प्रामाणिकपणे होय म्हटले. माझ्या पोटात गोळा आला. त्यानंतर आमच्या वकिलांनी न्यायाधिकरणाची परवानगी घेऊन एवढेच विचारले की, शिडीच्या पायरीवर पंजा टेकवून, हातात दहा-बारा किलोची वस्तू घेऊन हा माणूस उभा राहू शकेल का. डॉक्टरांनी घोटा किती अंश वाकतो ते कागदावर पाहून सांगितले की, नाही, आणि त्याने तसा प्रयत्न करणे धोक्याचे आहे. हे उत्तर शब्दशः नोंदवले गेले. अठरा टक्क्यांच्या प्रमाणपत्रात शिडी हा शब्द कुठेही नाही. डॉक्टरांना साक्षीला बोलावले नसते, तर तो अभिलेखावर कधीच आला नसता.

भाऊ आता घराच्या ओसरीत बसून कूलर-पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देतो. कूलर बसवायला दोन पोरे ठेवली आहेत, त्यांची मजुरी देऊन जे उरते ते त्याचे. त्या मजुरीच्या पावत्याही आम्ही आता जपून ठेवतो, कारण त्याच्या हुकलेल्या कामाचा तोच सर्वांत सरळ पुरावा आहे. अंतिम युक्तिवादाची तारीख लागली आहे. मी त्या दिवसाची रजा टाकली असून पावत्यांची फाइल आणि एक्स-रे वकिलांकडे आधीच पोहोचवले आहेत.