तुम्ही विचारलंत म्हणून : टाक्यात पडलेले जनावर बाहेर कसे येते?

अंगणातल्या टाक्यापाशी थांबणारा जवळपास प्रत्येक जण मला विचारतो, "पाखरांसाठी पाणी ठेवता ते बरोबर, पण त्यात एखादे जनावर बुडून मरत नाही का?" मरते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घरी पहिल्या उन्हाळ्यात मी अर्धा कापलेला प्लास्टिकचा ड्रम भरून ठेवला होता आणि एका दुपारी त्यात खार तरंगताना सापडली. पाण्याच्या रेषेवर तिच्या नखांचे बारीक ओरखडे ड्रमभर गोल फिरलेले होते. चढायला जागा शोधत तिने पूर्ण फेरी मारली होती.

वैशाखात पारा ४५ अंशांवर गेला की तहानलेले जीव काठाचा अंदाज न घेता पाण्याकडे धावतात, म्हणून पाण्याआधी बाहेर पडण्याची वाट तयार करावी. आता माझ्याकडे सिमेंटचे टाके आहे. त्यात तळापासून काठापर्यंत दगडांचा उतार रचला आहे आणि प्रत्येक दगड हाताने दाबून तो डगमगत नाही ना, हे पाहिले आहे. उतार तळापर्यंतच हवा, कारण उन्हाने पाणी रोज खाली जाते आणि काल काठाला टेकलेली फळी आज अधांतरी राहते. मधमाश्यांना बसायला बांबूचे तुकडे सोडतो. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, टाकत नाही, कारण तिच्यावर फवारणी झालेली असते. फवारणीच्या औषधाचा डबा तर कितीही धुतला तरी या कामी घेऊ नये, कारण बेडूक कातडीतूनच पाणी शोषतो.

वर नायलॉनची जाळी अंथरू नका. तिच्यात साप अडकतात. लहान मूल मात्र वीतभर पाण्यातही बुडू शकते, म्हणून मी भोवती तट्ट्याचे कुंपण केले असून बेडकांसाठी खालून चार बोटे जागा मोकळी सोडली आहे.

डासांसाठी गप्पी मासे मी सोडले नाहीत. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले आहेत आणि टाके उतू गेले तर मागच्या नाल्यात पोहोचतील. अंड्यापासून डास उडायला साधारण आठवडा लागतो, तेव्हा दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पृष्ठभागाला उलट्या लटकलेल्या अळ्या मी चहाच्या गाळणीने काढतो आणि चुकून आलेली बेडकाची पिल्ले परत सोडतो. पावसाळ्यात हीच पिल्ले, शेपूट अंगातच जिरून, नखाएवढी होऊन दगडांवरून बाहेर पडतात. त्या दिवसांत टाक्याभोवतीचे अंगण मी झाडत नाही.