चिमीचे बूट

त्या बुटांचं मनाला एवढं का लागलं, तेच कळत नाहीये. माझी बहीण चिमी शिकायला ऑस्ट्रेलियाला गेलीय, ती तर सांगताना हसत होती. विमानातच एक फॉर्म भरून घेतात म्हणे. त्यात विचारतात, गेल्या तीस दिवसांत शेतात गेला होता का. तिनं खरं ते लिहिलं. मग उतरल्यावर बॅग उघडायला लावली. तिथल्या माणसानं हातमोजे घातले, बूट उलटे धरले आणि तळव्याच्या खाचांतली माती काडीनं उकरून काढली. मग ब्रश, औषधाचं पाणी, पुन्हा ब्रश. कापडावरचे केळीच्या चिकाचे काळे डाग मात्र गेले नाहीत, ते कशानंच जात नाहीत. "दादा, आपल्या विहिरीजवळची चिकण माती होती रे," एवढं म्हणाली आणि लगेच कॅसोवरीचं सांगायला लागली. माणसाएवढा पक्षी, नर अंडी उबवतो, पिल्लंही तोच सांभाळतो. मायला फार आवडलं ते.

माझं लक्षच नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी मळ्यात तिला मीच नेलं होतं. ठिबक नुकतंच बंद केलेलं, बूट भरणारच. नवी कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरताना लावलेली केळी, तेव्हा कमरेला लागत होती. एकेका सरीतून ती हात लावत गेली. ज्या मातीनं तिला शिकवलं, जिच्या सातबाऱ्यावर तिच्या फीचा बोजा चढलाय, ती माती तिथं कचऱ्यात गेली. रात्री जेवताना घास उतरेना. माय म्हणाली, "बूट धुतले तं बरंच झालं नं, तुझं काय गेलं?" आबा काही बोलले नाहीत.

बोज्याचं राहू दे.

चिमीचं कॉलेज आहे ते केर्न्स आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे आहे. आम्ही संध्याकाळी मळ्यातून येतो तेव्हा ती झोपायच्या तयारीत असते. मागून पाऊस कोसळत असतो, इतका की मधेच तिचा आवाज बुडतो. इथं फाल्गुन लागला, सातपुड्याकडे बघवत नाही. साग उघडे पडलेत, पळस तेवढा पेटलाय. तिकडे ऐन पावसाळा. वर्षाला 2000 मिलिमीटर पडतो म्हणे, आपल्याकडे 700 झाला तर साल चांगलं. कॉलेजच्या मागच्या डोंगरापासूनच जंगल सुरू होतं. 1988 पासून ते जागतिक वारसा आहे. एका झाडाच्या पानाला नुसता हात लागला तरी महिनोन्‌महिने आग होते म्हणून पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं. त्या पोरीला खोलीत एकटीला झोप लागते का, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

त्या जंगलात रानकेळ आहे. तिनं फोटो पाठवला होता. बोटाएवढं केळ मधोमध चिरलेलं, आत गर कमी आणि काळ्या टणक बियाच बिया. आपण लावतो त्या केळीच्या पूर्वजांपैकी ती एक. आबांनी फोटो मोठा करून करून बघितला, चष्मा काढून परत बघितला. मग म्हणाले, "तिथं बागा असतीन नं? जाऊन ये म्हणा. झाडाची उंची पाहा, घडाला किती फण्या धरतात ते पाहा."

ती गेली. वर्गाची बस टली नावाच्या गावाकडे निघाली होती. ऑस्ट्रेलियाची बहुतेक केळी त्याच पट्ट्यात पिकते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागा, घडांना रंगीत पिशव्या. बस थांबली तशी ती एका फाटकाशी गेली. फाटकावर पाटी, परवानगीशिवाय आत यायचं नाही. रावेर तालुक्यातल्या केळीवाल्याची पोर केळीच्या बागेबाहेर उभी राहिली आणि परत फिरली. हे ऐकलं आणि पुन्हा तेच झालं मला, बुटांसारखंच. आपल्याकडे कुणीही येतं. पाव्हणे येतात, व्यापारी येतो, रस्त्यानं जाणारा पाणी प्यायला येतो. त्याला आपण केळी देऊन पाठवतो.

पाटीचं कारण तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. 2015 साली टलीच्या एका बागेत पनामा मर सापडला, टीआर-4 म्हणतात तो. बुरशी मुळांतून शिरते, झाडाचं पाणी तोडते, पानं पिवळी पडून खोडाशी लोंबतात. औषध नाही. मातीत ती कित्येक दशकं जिवंत राहते आणि बुटाच्या, टायरच्या चिखलातून दुसऱ्या मळ्यात जाते. पुढच्याच वर्षी ती बाग केळीवाल्यांच्या संघटनेनं विकत घेतली आणि सगळी झाडं मारून टाकली. बाकीच्यांच्या वाचाव्यात म्हणून. आणि ही बुरशी पाडते ती कॅव्हेंडिश जातीची केळी, म्हणजे आपण लावतो ती जी-नाईनच. बिहारात ती येऊन बसलेलीच आहे.

आबा एवढंच म्हणाले, "बरोबर करतात ते लोक."

त्यांच्या डोळ्यांपुढे केळीवर हरण्या रोग आला ते साल असणार. तो मावा किडीनं पसरतो, हा मर मातीनं, पण उपटलेल्या झाडांचा ढीग सारखाच दिसतो. बांधावर रचलेली रोपं दोन दिवसांत काळी पडली होती आणि आबा त्या बाजूनं जात नव्हते. टलीच्या त्या माणसानंही आपला मळा असाच मरताना पाहिला असेल. त्याच्या शेजाऱ्यानं फाटक लावलं तर ते चिमीवर नव्हतंच. तरी लागायचं ते लागलंच. ती बाहेर उभी राहिली हे मला अजून आवडलेलं नाही.

पण आज जुन्या कांदेबागेतले शेवटचे घड कापायला टोळी आली, तेव्हा मी पहिल्यांदा त्यांच्या पायांकडे बघितलं. सकाळी सावद्याकडचा एक मळा उरकून आले होते. पायांना, चपलांना, गाडीच्या चाकांना तिथला चिखल. आमच्या विहिरीजवळून तो तसाच आत गेला. वर्षानुवर्षं असाच जातोय.

चिमीला विचारलं, तिकडे काय करतात. आधी चिखल खरवडून काढतात, मग औषधाच्या पाण्यात बूट बुडवतात. चिखलासकट बुडवले तर औषध चालत नाही. पण आमच्या टोळीतले निम्मे अनवाणी, त्यांच्या पायांवर औषध कसं घालणार? तीच म्हणाली, काही जण मळ्याच्या मळ्यातच वापरायचे वेगळे बूट फाटकाशी ठेवतात. ते जमेल. रबरी चपला घ्याव्या, आत येताना त्या घालायच्या, जाताना इथंच सोडायच्या. आबांना विचारलं. ते म्हणाले, "पाय धुवायला पाण्याची टाकी पण ठेव."

मुकादम कुरकुरणार. दिवसात दोन-तीन मळे उरकायचे असतात त्याला, थांबायला वेळ नसतो. त्याला हरण्याच्या सालाची आठवण द्यावी लागेल. त्या साली कापायला घडच नव्हते, आणि त्याची अख्खी टोळी सुरतेला मजुरीला गेली होती.