आमची वाटचाल : खाण्याच्या द्राक्षांपासून वाइनच्या गंधापर्यंत

दिंडोरी तालुक्यातील आमची बाग पूर्वी थॉमसन सीडलेसची होती. मणी टपोरा, साल पातळ आणि आत बी नको, एवढ्याच निकषांवर आमच्या घरी द्राक्षाची पारख होत असे. वाइन उद्योगाला चालना देणारे राज्य शासनाचे द्राक्ष प्रक्रिया औद्योगिक धोरण 2001 मध्ये आले आणि त्यानंतर नाशिक जिल्ह्यातील इतर अनेक बागायतदारांप्रमाणे आम्हीही काही क्षेत्रावर शेनिन ब्लां व सॉव्हिन्यॉन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या आणि शिराझ ही लाल वाइनची, अशा जाती लावल्या. यांचा मणी बारीक, साल जाड आणि आत बिया असतात, त्यामुळे बाजारात या घडांना कोणी हात लावणार नाही. परंतु लाल वाइनचा रंग आणि तिचा बराचसा तुरटपणा या सालीतूनच उतरतो.

पुढे ज्या कंपनीशी आमचा करार होता, तिने द्राक्षे उचलणे बंद केले आणि आम्ही स्वतःची लहानशी वायनरी उभी केली. वाइन चांगली होऊ लागली, तरी ती विकत घेणाऱ्याला तिच्यात नेमके काय आहे हे कळत नव्हते. दोन बाटल्यांत फरक जाणवत नसेल, तर ग्राहक स्वस्त बाटली उचलणार, हे उघड आहे. म्हणून विक्रीच्या खटपटीपेक्षा चव घ्यायला शिकवण्यावर भर द्यायचा, असे आम्ही ठरवले आणि टेस्टिंग रूम, म्हणजे वाइन चाखून पाहण्याची खोली, सुरू केली.

तेथे पाहुण्यांसमोर प्रथम वाइनचे पेले येतात आणि त्यांच्या शेजारी, वाइनमधला गंध ताडून पाहण्यासाठी, झाकलेल्या पेल्यांत चिरलेला पेरू, कैरीची फोड, ढोबळी मिरची, ठेचलेले काळे मिरे, लवंग आणि व्हॅनिला ठेवलेले असते. पहिला घोट आम्ही नाक दाबून घ्यायला सांगतो. तेव्हा जिभेला फक्त आंबट, किंचित कडू आणि तुरट एवढेच लागते. नाक सोडताच तोंडातील वाफ घशामागून वर चढते आणि फळाचा स्वाद एकदम उमटतो. चव म्हणून आपण जे सांगतो त्यातले बरेचसे गंधाचे काम असते, हे कितीही व्याख्यान दिले तरी पटत नाही. या एका घोटाने पटते.

सॉव्हिन्यॉन ब्लांमधील ढोबळी मिरचीचा वास पायराझिन गटातील द्रव्यांमुळे येतो आणि ढोबळी मिरचीतही तीच द्रव्ये असतात. घड पिकत जातात, त्यांना ऊन मिळते, तसा हा वास उतरतो आणि पिकलेल्या फळांचा गंध पुढे येतो; म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर वाढलेले घड नेमके केव्हा तोडायचे, हे ठरवताना आम्ही केवळ साखर मोजून थांबत नाही, मणी चावूनही पाहतो. शिराझमधील मिऱ्याचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा आहे. हे द्रव्य काळ्या मिऱ्यातही असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले. शिवाय त्यांच्या चाचणीत सुमारे 20 टक्के लोकांना तो वास अजिबात आला नाही. त्यामुळे एखाद्या पाहुण्याला मिरे सापडले नाहीत, तर त्याने संकोचण्याचे काही कारण नाही, आणि शेजारच्याचे ऐकून होकार तर मुळीच देऊ नये. लवंग व व्हॅनिला द्राक्षातून येत नाहीत, ते वाइन ज्यात मुरवतात त्या ओक लाकडाच्या पिंपातून येतात, आणि हे दोन्ही गंध फळावर चढू लागले तर आम्हाला ती वाइन बिघडल्यासारखीच वाटते.

तापमानाचा मुद्दा आपल्याकडे फारच दुर्लक्षिला जातो. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातील थंड घरांसाठी आहे. मे महिन्यात नाशिकच्या खोलीत ठेवलेल्या शिराझच्या पेल्यातून अल्कोहोलचा झणका तेवढा वर येतो. आम्ही लाल वाइन 16 ते 18 अंशांवर आणि पांढरी 8 ते 12 अंशांवर देतो. एका दुकानदाराने आमच्या बाटल्या ऊन येणाऱ्या काचेमागे मांडून ठेवल्या होत्या. त्या परत मागवल्या, तेव्हा शेनिनमधला पेरूचा गंध नाहीसा झाला होता आणि शिजवलेल्या फळासारखा जड वास तेवढा उरला होता. त्यातल्या काही बाटल्या आम्ही मुद्दाम राखून ठेवल्या आणि चांगल्या बाटलीशेजारी त्या पाहुण्यांना हुंगायला दिल्या, कारण दोष ओळखता आला की गुण आपोआप ठळक होतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो बहुधा बुचाचा दोष असतो आणि अशी बाटली बेलाशक परत करावी.

लेबलावर आम्ही फक्त तेच गंध लिहितो, जे आमच्या घरातील आणि बागेतील माणसांना एकमेकांशी न बोलता पेल्यात सापडतात. कधी त्यात दोनच शब्द उरतात आणि तेवढेच आम्ही छापतो.

टेस्टिंग आम्ही सकाळी, जेवणाआधी ठेवतो, कारण त्या वेळी नाक ताजे असते. येणाऱ्यांनी अत्तर किंवा परफ्यूम लावू नये आणि पान-तंबाखू टाळावी, एवढी विनंती आहे.