तीन देशांच्या सांध्यावर

बाझेलमध्ये मी औषधांच्या हवाई मालवाहतुकीचं काम बघतो. शहर स्वित्झर्लंडचं. पण ८ नंबरची ट्राम धरली की जर्मनीतलं वाइल आम राइन येतं आणि ३ नंबरची धरली की फ्रान्समधलं सँ-लुई. विमानतळ तर सगळाच फ्रान्सच्या जमिनीवर आहे. १९४९ च्या करारानुसार फ्रान्स आणि स्वित्झर्लंड तो मिळून चालवतात आणि आत दोघांचे कस्टम विभाग वेगवेगळे आहेत.

त्या दिवशी जुलैचं रणरणतं ऊन होतं. दक्षिण जर्मनीतल्या एका कारखान्यातून इंजेक्शनांचा माल निघाला होता. फ्रेंच विभागातून संध्याकाळच्या विमानानं तो आखातात आणि तिथून मुंबईला जायचा होता. २ ते ८ अंशांत ठेवायचा माल. दुपारी बाराच्या सुमारास ड्रायव्हरचा फोन आला : जर्मनीतल्या ए-५ महामार्गावर, सीमेच्या थोडं अलीकडे, गाडीचं कूलिंग बंद पडलंय. ड्रायव्हर पोलिश, कामापुरती जर्मन बोलणारा.

जवळचं रिकामं शीतगृह बाझेलमध्येच होतं. पण स्वित्झर्लंड युरोपीय संघाच्या कस्टम क्षेत्रात नाही. माल इकडे आणायचा तर ट्रान्झिटचे, म्हणजे माल नुसता इथून पुढे जाणार असल्याचे, कागद करायचे, आणि परत फ्रेंच विभागात नेताना ते मिटवायचे. विमान हातचं गेलं असतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर फ्रान्सच्या अल्सास भागातली एक सहकारी बसते. रोज सकाळी सीमा ओलांडून कामावर येणाऱ्या हजारोंपैकी एक. तिनं सँ-लुईच्या एका वाहतूकदाराला फोन लावला. फ्रेंचमध्ये दोन मिनिटं घासाघीस झाली आणि थंड गाडी ठरली. पाल्मराइन पुलावरून ऱ्हाइन ओलांडली की ती थेट जर्मनीत, वाटेत कस्टम नाही. मग तिनं महामार्गावर पोचलेल्या जर्मन मेकॅनिकला फोन केला. आता ती तिच्या गावच्या अल्सेशियन बोलीत बोलत होती आणि तो त्याच्या बाडेनच्या बोलीत. दोन्ही बोली अलेमानिक या जर्मन बोलींच्या कुळातल्या, बाझेलची जर्मनही त्याच घरची. गाडीचं मागचं दार नवी गाडी पाठीला लागेपर्यंत उघडायचं नाही, हे त्याला पहिल्याच वाक्यात कळलं.

माल हलवायला कारखान्याच्या गुणवत्ता विभागाची लेखी परवानगी लागते. ती मी जर्मनमध्ये मागितली. खोक्यांच्या आतल्या तापमापकांचे आकडे मर्यादेतच होते. तापली होती ती गाडीतली हवा. ते आकडे पाहून परवानगी आली. विमान कंपनीला इंग्रजीत कळवलं. मुंबईत तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. सहारच्या क्लिअरिंग एजंटला मराठीतच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, तापमानाची नोंद कागदांसोबतच पाठवा. इथं माल ताब्यात घेताना आधी तीच मागतील."

संध्याकाळी माल विमानात चढला.

कुणीही दुभाष्याची वाट पाहिली नाही, याचं मला फार मोल वाटतं. इथली अर्धी बैठक एकानं फ्रेंच बोलायचं आणि दुसऱ्यानं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, अशी चालते. नुसत्या इंग्रजीवर त्या दुपारी आमचं भागलं नसतं. मेकॅनिकशीच अडलं असतं. या गावाचा रंग-औषधांचा धंदा उभा करण्यातही बाहेरून आलेल्यांचा हात आहे. फ्रान्समधल्या ल्योंच्या परिसरातून आलेल्या अलेक्झांडर क्लावेल या रंगाऱ्यानं १८५९ मध्ये इथं फुक्सिन हा कृत्रिम रंग करायला घेतला. फ्रान्समध्ये त्या रंगावर पेटंटची मक्तेदारी होती, इथं ती आडवी येत नव्हती. त्या कारखान्यातून पुढे सिबा कंपनी वाढली आणि १९९६ च्या विलीनीकरणानंतर तो वारसा नोव्हार्टिस या औषध कंपनीकडे आला.

एक काळजी मात्र आहे. अल्सासची तरुण पोरं घरची बोली सोडत चालली आहेत. जर्मन शाळेत शिकता येते, पण महामार्गावरच्या माणसाला फोनवर चटकन आपलंसं करणारी बोली शाळेत मिळत नाही.

पुढच्या आढावा बैठकीत मी एवढंच मागितलं की, प्रत्येक पाळीत फ्रेंच आणि अलेमानिक बोली या दोन्ही येणारा एक तरी माणूस हवा. व्यवस्थापकांनी ते मान्य केलं. नव्या भरतीच्या अटींत आता ते लिहिलेलं असतं, आणि मी फ्रेंचच्या वर्गाला नाव घातलंय. त्याची फी ऑफिस भरतं.