मशीन आहे ना, मग हे बाकीचं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस हे विचारतंच. कानाला मशीन आहे, मग उशीखाली ही चकती, दारापाशी हा दिवा, कशाला एवढं सगळं?

अहो, मशीन रात्री काढावं लागतं. सेलचं झाकण उघडं ठेवून मी ते सिलिका जेलच्या डबीत ठेवते, म्हणजे दिवसभराच्या घामाची ओल सुकते. डबी मिटली की घरातले आवाज माझ्यापुरते संपले. मग पहाटेचा गजर ऐकणार कोण? पूर्वी लवकर निघायचं असलं की मी तासातासाला उठून घड्याळ बघायचे. आता वेळ झाली की चकती अशी थरथरते, की मानेपासून खांद्यापर्यंत जाणवतं. सलग झोप मिळते, याचं मोल मलाच ठाऊक.

आणि धुराचा अलार्म! नेहमीचे अलार्म ३,००० हर्ट्झच्या आसपास, बारीक कर्कश वाजतात. वयामुळे ऐकू येणं कमी झालं, की आधी हेच वरचे स्वर जातात. म्हणून ५२० हर्ट्झचा, खर्जातला अलार्म निघालाय. ज्यांना तोही पुरत नाही, त्यांच्यासाठी अलार्मला जोडलेली थरथरणारी चकती असते. मशीन घेताना याबद्दल कुणी आपणहून सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

दारावरच्या दिव्याचं सोपं आहे, बेल दाबली की तो लुकलुकतो.

दिवसा अडचण अंतराची. मशीनचा माइक माझ्या कानाशी, बोलणारा खोलीच्या त्या टोकाला. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनी उतरतो. डोक्यावरचा पंखा मात्र तिथेच असतो, आणि मशीन त्यालाही मोठं करतं. ओरडून उपयोग नाही, ओरडलं की शब्द फाटतात. त्यापेक्षा सुपारीएवढा वायरलेस माइक बोलणाऱ्याच्या कॉलरला लावला, की आवाज थेट मशीनमध्ये येतो.

परवा नात तो माइक काढायला विसरली आणि तशीच आतल्या खोलीत गेली. मी बाहेर भाजी निवडत होते. पाढे पाठ करताना ती सात सक्कंला अडखळली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. मी तिला हाक मारली नाही. ऐकत बसले.