सोबत कोण आहे?

इंग्लंडमध्ये हर्नियाचं ऑपरेशन फुकट होतं हे आमच्या प्रतापनगरच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मी त्याच ऑपरेशनसाठी लीड्सहून नागपूरला येतोय म्हटल्यावर दादा फोनवर आधी गप्प झाला आणि मग म्हणाला, "काय करून राहिला बे तू? लोकं इकडून तिकडे जाते इलाजाला."

फुकट होतं हे खरंच आहे. १९४८ साली एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली तेव्हापासून तिथे दवाखान्यातून निघताना कुणी पाकीट काढत नाही, आणि या गोष्टीचं मला आजही अप्रूप वाटतं. पण माझ्या जांघेतला गोळा आडवं झालं की आत जायचा, खोकलं की बाहेर यायचा, फारसा दुखायचा नाही. असल्या गोळ्याला घाई नसते. डॉक्टरांनी पाठवल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं एनएचएसचं स्वतःचंच मोजमाप आहे, आणि देशभरच्या प्रतीक्षायादीत ७० लाखांहून जास्त प्रकरणं आहेत. कॅन्सरवाला माझ्या पुढे गेला तर मला काही म्हणायचं नाही. तिथेच खासगीत करायचं तर तीन-साडेतीन हजार पौंड, म्हणजे साडेतीन लाखांच्या पुढे. एवढे पैसे काढले असते तरी गाडी अडली असती, कारण माहितीपत्रकातली एक ओळ दोन्हीकडे सारखीच होती. सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी, पण पूर्ण भूल दिल्यानंतरचे २४ तास एक जबाबदार प्रौढ माणूस घरात सोबत हवा.

मी एकटा राहतो. शेजारचे आजोबा भले आहेत, पण ऐंशी पार केलेले, त्यांनाच सोबत लागते. ऑफिसातल्या कुणाला "आज रात्री माझ्या सोफ्यावर झोप आणि मला उलटी झाली तर बघ" असं सांगण्याइतकी ओळख तिथे माझी तरी झालेली नाही. म्हणून जानेवारीत दोहामार्गे मध्यरात्रीनंतर नागपुरात उतरलो. विमानतळावर थंडी होती. दादाने माझी बॅग हिसकावून घेतली आणि घरी येईपर्यंत एकच विषय: "धंतोलीत कुणाला दाखवायचं?"

आमच्याकडे आजारी पडणं म्हणजे धंतोली, नाहीतर रामदासपेठ. त्या गल्ल्यांत दर दुसऱ्या इमारतीत दवाखाना आहे, खाली औषधाचं दुकान आहे आणि समोर गाडी लावायला जागा नाही. वहिनींच्या भावाचं मत एम्सचं. ते मिहानमध्ये आहे, डिसेंबर २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, आणि ओपीडीचा कागद १० रुपयांत निघतो. "दहा रुपयात होते भाऊ, काऊन पैसे घालता?" असं तो जेवताना दोनदा म्हणाला. तिसरं मत माझ्या मावसबहिणीचं. ताई मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, सिस्टर आहे, निवृत्तीला आलेली. तिने मत वगैरे दिलं नाही. "उद्या नऊला ये, उपाशी यायची गरज नाही," एवढंच म्हणाली.

मेडिकल १९४७ चं, म्हणजे एनएचएसपेक्षाही वर्षभराने मोठं. लहानपणी आम्ही त्या चौकातून फक्त गेलो होतो, आत पाऊल टाकलं नव्हतं, कारण 'आपली माणसं' तिथे जात नसत. हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही, पण पाळलं सगळ्यांनी. सर्जरीच्या ओपीडीबाहेर गडचिरोलीचे लोक होते, बालाघाटचे होते, शिवनी-छिंदवाड्याचे होते. एका बाकावर मराठी, हिंदी, छत्तीसगढी आणि मला न कळणारी आणखी एक भाषा चालू होती. प्रत्येक पेशंटमागे तीन-तीन माणसं, एकाच्या हातात केसपेपर, एकाच्या हातात डबा, एक नुसताच उभा. बालाघाटच्या एका काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आप के साथ कौन है?" मी उत्तर शोधेपर्यंत मागून ताईचा आवाज आला, "मैं हूँ." काकांनी मान डोलवली आणि मला बसायला जागा करून दिली. एकट्यासाठी ती जागा झाली असती का, सांगता येत नाही.

तपासणारी डॉक्टर पंचविशीची असेल. "उभे राहा, खोका." अर्ध्या मिनिटात निदान. मग तिने नीट विचारलं, कधी गोळा आत जायचा थांबतो का, तेव्हा कळ येते का, उलट्या होतात का. आतडं त्यात अडकलं तर मग तारीखबिरीख पाहायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा, हे तिने दोनदा बजावलं. लीड्समध्ये हेच मला छापील कागदावर मिळालं होतं. तिच्या सरांनी पुन्हा एकदा खोकायला लावलं आणि सरळ सांगितलं, "इथे होईल, चांगलं होईल. पण रात्री अपघाताच्या केसेस आल्या तर तुमचा नंबर मागे जाणार. परतीचं तिकीट आहे ना?" होतं. "मग बघा." त्यांचं म्हणणं मला आवडलं. जो नियम लीड्समध्ये मान्य होता तो इथेही मान्यच होता, फक्त इथे माझ्याकडे वाट पाहायला सुट्टी नव्हती. ताई बाहेर येऊन म्हणाली, "जा धंतोलीत. पण बिल मला दाखवायचं."

आता धंतोलीचं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण ऑपरेशन उत्तम झालं आणि मला राग आला तो काउंटरवर. काउंटरवरच्या मुलीने प्लास्टिक चढवलेला एक कागद पुढे केला. जनरल, ट्विन शेअरिंग, सिंगल, डिलक्स. खोलीचं भाडं वेगवेगळं असणार, त्यात काही नाही. पण त्या कागदावर सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचे पैसे, सगळंच खोलीबरोबर चढत होतं. तोच सर्जन, तेच टेबल, हर्नियावर आतून बसवायची तीच जाळी, आणि खिडकी मोठी घेतली म्हणून टाके महाग. दादा रेल्वेतून निवृत्त झालाय. तो म्हणाला, "मॅडम, एसीचं तिकीट काढलं म्हणून आम्ही ड्रायव्हरला डबल पगार नाही देत." ती गोड हसली. "सिस्टीममध्ये तसंच आहे सर." इन्शुरन्स आहे का, असंही तिने विचारलं. दादाने हौसेने मला आपल्या पॉलिसीत घालायचं मागे एकदा मनावर घेतलं होतं, पण आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसींत हर्नियाला पहिले २४ महिने वाट पाहावी लागते. म्हणजे वाट पाहणं इथेही आहेच, फक्त विमा कंपनीच्या कागदावर. रोख भरणार म्हटल्यावर आणि दादाने अभिमानाने "लंडनहून आला आहे" असं सांगितल्यावर (लीड्स म्हटलं तर कुणाला कळत नाही) तिचं पेन अलगद डिलक्सच्या रकान्यावर गेलं. परदेशातून ऑपरेशनला येणाऱ्यांना माझं इतकंच सांगणं आहे की दादाला काउंटरवर नेऊ नका. अर्थात दादाशिवाय भरती करून घेत नाहीत.

कारण इथेही तोच प्रश्न. भरतीच्या फॉर्मवर "सोबत कोण?" संमतीपत्रावर सोबतच्या माणसाची सही. लिफ्टवाला "पेशंटसोबत कोन हाय?" थिएटरच्या दारात माझं घड्याळ आणि चष्मा घ्यायला "सोबत कोण आहे?" खालून औषधं आणायला, रक्ताचा रिपोर्ट घ्यायला, चहा कुठे मिळतो ते दाखवायला. सगळ्या प्रश्नांना दादा "मी, मी" म्हणत पुढे होत होता. संध्याकाळपर्यंत त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता.

ट्विन शेअरिंग घेतलं. दुर्बिणीने करायचं तर पूर्ण भूल, म्हणून मी उघडं ऑपरेशन निवडलं. पाठीत इंजेक्शन दिलं, कंबरेखालचा मी नाहीसा झालो. भूलतज्ज्ञ माझ्याशी इंग्लंडच्या पावसाबद्दल बोलत राहिले, आणि तासाभरात जाळी बसवून मी बाहेर. यावर लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखं रात्री झालं. पाठीतल्या भुलेनंतर लघवी अडकते, असं होतं अनेकांना, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पाय परत आले, पण बाकी यंत्रणा बंद. रात्री सिस्टर दोनदा विचारून गेल्या, तिसऱ्यांदा म्हणाल्या, "अजून तासभर बघू, नाहीतर नळी टाकावी लागेल." नळी म्हटल्यावर दादा बाकावरून ताडकन उठला. मला धरून न्हाणीघरात नेलं, नळ सोडला, बादलीत पाण्याची धार लावली. काही नाही. मग त्याने माझ्या पायावर कोमट पाणी ओतलं. काही नाही. आणि मग हा साठीचा, पांढऱ्या मिशांचा, रेल्वेत पन्नास माणसांवर ओरडलेला माणूस भिंतीकडे तोंड करून हळूच म्हणायला लागला, "शूऽऽ... शूऽऽ..."

आई आम्हाला असंच करायची. मी म्हटलं, "दादा, पुरे." तो म्हणाला, "चूप बस, लक्ष दे." आणि पुन्हा शूऽऽ. मला हसू यायला लागलं, हसलं की टाके ओढायचे, म्हणून मी ओरडलो, म्हणून पडद्यापलीकडून काटोलच्या काकू धावत आल्या. त्यांच्या यजमानांचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं. दाराबाहेरून त्यांनी काळजीने विचारलं, "झाली का भाऊ?" दादा आतून म्हणाला, "थांबा, होऊन राहिली." आणि खरोखरच होऊन राहिली. बाहेर आलो तर काटोलचे काका झोपल्या झोपल्या हात जोडून हसत होते. सकाळी त्यांच्या मेहुण्याने पिशवीभर संत्री आणून माझ्या उशाशी ठेवली.

सुट्टी मिळायला सकाळची संध्याकाळ झाली, बिलिंगची फाइल वरून खाली आणि खालून वर फिरत होती. त्यानंतरचे दिवस वहिनींची मुगाची खिचडी, रात्री इसबगोल आणि स्पीडब्रेकर आला की दोन्ही हातांनी पोट धरणं यात गेले. सावजीचं नाव काढायलाही बंदी होती. ओझं उचलायचं नाही म्हणून बॅग दादाच भरणार होता, आणि त्याने त्यात लोणच्याच्या दोन बरण्या घातल्या त्या मी वजनकाट्यावर पाहिल्या.

ताई टाके बघायला घरी आली. पट्टी काढली, पाहिलं, "हात चांगला आहे सर्जनचा," म्हणाली. मग चष्मा लावून बिल मागितलं आणि सोफ्यावर बसून पानन्‌पान वाचलं. "हातमोजे एवढे जोड? तुझ्यावर किती जण होते?" "नर्सिंग चार्ज वेगळा, आणि ड्यूटी डॉक्टर वेगळा?" "हे काय, फाइल चार्ज?" वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा ती जाळीच्या किमतीवर बोट ठेवून होती. शेवटी तिने कागद घडी करून दादाच्या हातात दिले आणि मला विचारलं, "उजवीकडचा होता ना रे?"

"हो."

"मग डावीकडे व्हायचा राहिला अजून. तो मेडिकलला. आणि तिकीट परतीचं काढून येऊ नको."